मदत हवी आहे: प्रयोगशाळेतून बायोटेक कायद्याकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी बायोटेक, सध्या पुण्यात क्षयरोगाच्या औषधांवरच्या एका प्रकल्पात रिसर्च असिस्टंट आहे. जोडीला मराठीत विज्ञानलेखनही करते. त्यातूनच हा किडा डोक्यात शिरला. २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या क्षारावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा पेटंट अर्ज फेटाळला, त्यावर लिहायला बसले. हरकत घेणाऱ्यांपैकी दोघी क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या, वकील नव्हेत! निकाल वाचताना रसायनशास्त्र समजत होतं, पण पेटंट कायद्याचं कलम ३(डी) (जुन्या औषधाचं नवं रूप अधिक परिणामकारक नसेल तर पेटंट नाही) आलं की पुढे सरकेना. याच कलमावरचा, ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकालही मग वाचून काढला.

आता प्रश्न. पेटंट एजंटच्या (म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या) परीक्षेला विज्ञानाची पदवी चालते, एलएलबी लागत नाही. म्हणून आधी ती द्यावी, की थेट सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला बसावं? तिथे हजेरीची अट आहे आणि इथे पेशी शनिवार-रविवार बघून वाढत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकदम जमेल असं मला तरी वाटत नाही. पीएचडी नसेल तर बायोटेकच्या कामात दुय्यम समजतात का? आणि माझ्या लेखांना पेटंटचं काम करणाऱ्या फर्ममध्ये कोणी विचारतं का, की ते बायोडेटातून काढलेलेच बरे? घरचे म्हणतात, आधी पीएचडी कर. मला ते पटत नाही.

या वाटेने गेलेलं कुणी असेल तर सविस्तर लिहा, विशेषतः पहिली दोन वर्षं पैशांचं कसं जमवलंत ते.