मदत हवी: रिस्टोअर केलेला जुना ट्यूब अ‍ॅम्प चालू करताच किंचाळतो

नळीवाला
जुना फेंडर ट्वीड (कापडी आवरणाचा) गिटार अ‍ॅम्प रिस्टोअर करून घेतला. कपॅसिटर नवे, व्हॉल्व्ह (ट्यूब) नवे, तीन पिनांची वायरही टाकली. स्टँडबाय काढला की क्षणात कर्णकर्कश शिट्टी. गिटार लावा, न लावा, तेच. शनिवारी वाजवायचाय. 'तज्ज्ञाला दाखवा' नको, तिथूनच आलाय. काय असेल?

सोल्डरबुवा
मॉडेल कोणतं? व्हॉल्व्ह कोणते, किती? व्हॉल्यूम शून्यावर ठेवल्यावरही ओरडतो का? स्पीकर जोडलेला असतो ना? बिनस्पीकरचा चालू करू नका.

खर्जप्रेमी
पहिला प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक (कंपनं पकडून शिट्टी मारणारा) झालाय, पैज लावतो. माझ्याकडे अगदी हेच होत होतं. पेन्सिलीने हलकेच टकटक करा, स्पीकरमधून टिंग आलं की सापडला चोर. हल्लीचे नवे व्हॉल्व्ह खोक्यातूनच तसे निघतात. जुन्या स्टॉकमधला घाला, विषय संपला.

नळीवाला
बदलून पाहिला, काही फरक नाही. व्हॉल्यूम शून्यावरही किंचाळतो. मागे दोन मोठे व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर. मॉडेलची पट्टी कधीच गेलीय.

रात्रपाळी
ट्वीड आणि दोन मोठे व्हॉल्व्ह म्हणजे फेंडरचं ५ई३ डिलक्स मॉडेल. इनपुटच्या वायरी प्लेटच्या (व्हॉल्व्हच्या आउटपुटच्या) वायरींना खेटल्या असणार. लांब करा.

सोल्डरबुवा
व्हॉल्यूम शून्यावर असताना इनपुटचा काय संबंध? दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे. आणि डिलक्स कशावरून? नळीवाला, नॉब किती ते सांगा. डिलक्सला तीनच असतात.

नळीवाला
सहा. प्रेझेन्स, मिडल, बास, ट्रेबल, दोन व्हॉल्यूम. आकडे १२ पर्यंत. चार स्पीकर. याने काय फरक पडतो? हो, प्रेझेन्स फिरवला की शिट्टी बदलते.

सोल्डरबुवा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हा फेंडरचा बासमन, बहुधा ५एफ६-ए मॉडेल, १९५८ ते ६० मधला. ५ई३ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही. यात आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून थोडा सिग्नल २७ के (किलो-ओहम) रेझिस्टरमधून फेज इन्व्हर्टरकडे (सिग्नल दोन उलट्या फेजमध्ये विभागणारा टप्पा) परत येतो. तो उलट्या फेजमध्ये आला तर विकृती कमी करतो. तारा चुकीच्या लागून तो सुलट फेजमध्ये आला तर अ‍ॅम्प स्वतःलाच ढोसत राहतो, म्हणजे ऑसिलेटर. प्रेझेन्सचा नॉब या फीडबॅकमधल्याच वरच्या फ्रिक्वेन्सी कमी करतो, म्हणून शिट्टी बदलते. आता एकच प्रश्न: आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदललाय का?

नळीवाला
बदललाय. जुन्याची वाइंडिंग तुटली होती. त्याचा शिट्टीशी संबंध असेल असं कोणाला वाटेल?

सोल्डरबुवा
नव्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची निळी आणि तपकिरी वायर उलटसुलट लागलीय. खात्री करायची तर २७ के चं एक टोक सोडवून चालू करा. शिट्टी थांबली तर हेच. मग दोन्ही ५८८१ च्या (मागचे मोठे आउटपुट व्हॉल्व्ह) ३ नंबरच्या पिनवरच्या या दोन वायरी आपसात बदला. लाल सेंटर टॅपला हात लावू नका.
महत्त्वाचं: आत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटर लावून शून्याजवळ आलंय ते बघा, तोवर हात आत नको. तोवर अ‍ॅम्प ओरडत ठेवू नका, आउटपुट व्हॉल्व्ह तापून जातील.

रात्रपाळी
बरं, बासमन. पण सहा नॉब आणि चार स्पीकरवाला जुना रीइश्यूही (कंपनीने नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती) असू शकतो ना, १९९० पासूनचे आहेत. चेसिस उघडल्याशिवाय कळणार नाही. ट्रान्सफॉर्मरचा तर्क पटतो मात्र.

खर्जप्रेमी
अवांतर: बासमन मुळात बास गिटारसाठीच निघाला होता, १९५२ मध्ये. गिटारवाल्यांनी नंतर पळवला. आणि मार्शलचा जेटीएम४५ अँप म्हणजे याचीच नक्कल, तरी लोक मार्शलचं नाव घेतात.

काचबांगडी
नक्कल म्हणणं अर्धवट आहे. सर्किट तेच घेतलं, पण पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ टाकला. एकाचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर ४४ च्या आसपास, दुसऱ्याचा १००. शिवाय दहा इंची उघड्या पाठीच्या चार जेन्सन स्पीकरऐवजी बंद पेटीत बारा इंची सेलेस्टियन. लवकर फुटणारा (डिस्टॉर्ट होणारा), भरदार आवाज यातून आला. कॉपी करून दाखवा म्हणावं.

खर्जप्रेमी
लिओ फेंडरच्या सर्किटवर भाग बदलले, एवढंच. पाया कोणाचा?

टोनशोधक
एवढी वजनदार पेटी कशाला वाहायची? मॉडेलिंग पेडल घ्या, शिट्टी नाही, शॉक नाही.

काचबांगडी
विचारलं कोणी?

नळीवाला
मॉडेलिंग नको. चेसिस उघडली. रीइश्यू नाही, जुनाच आहे, आत सगळं फायबर बोर्डवर हाताने केलेलं वायरिंग. २७ के चं टोक सोडवलं, शिट्टी बंद. निळी-तपकिरी बदलल्या, टोक परत जोडलं. आता शांत आहे. दुरुस्तीवाल्याला दाखवतो. बायस (आउटपुट व्हॉल्व्हचा स्थिर करंट) कुठल्या पॉटने (फिरवायच्या रेझिस्टरने) लावायचा?

सोल्डरबुवा
मूळ ५एफ६-ए ला बायसचा पॉटच नाही, ठरावीक रेझिस्टर आहे. नव्या व्हॉल्व्हचा करंट मोजून रेझिस्टर बदलावा लागेल. प्लेट व्होल्टेज आणि दोन्ही व्हॉल्व्हचा करंट लिहा, मग सांगतो. शनिवारच्या आधी.