‘बाजीराव मस्तानी’ : ‘पिंगा’वर संताप आणि शेवटावर अश्रू, हे कसे?

रावेरखेडी यांचा प्रश्न

संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आधीच महिनाभर ‘पिंगा’ आणि ‘मल्हारी’ या दोन गाण्यांवरून महाराष्ट्रात मोठा वाद पेटला होता. पेशव्यांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतले, पुण्यात निदर्शने झाली, आणि काशीबाईंनी मस्तानीबरोबर नाचणे ही इतिहासाची थट्टा आहे, असे अनेकांनी लिहिले. तो आक्षेप मला समजतो. मला न उलगडलेली गोष्ट वेगळी आहे.

चित्रपटाने इतिहासाशी घेतलेली सर्वांत मोठी सूट गाण्यांत नसून शेवटात आहे. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी येथे ज्वराने वारले. मस्तानी त्या वेळी पुण्याकडे कैदेत होती आणि तिचा मृत्यू त्यानंतर लवकरच झाला. तो कसा झाला याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पडद्यावर मात्र तापाच्या भ्रमात नदीच्या पाण्यात तलवार फिरवणारा बाजीराव आणि साखळदंडांतली मस्तानी जणू एकाच श्वासाला प्राण सोडतात. याला कोणताही आधार नाही, तरीही चित्रपटगृहात याच प्रसंगाला लोक डोळे पुसत होते, आणि त्यांत गाण्यांवर चिडलेले लोकही होते. प्रेक्षकाने लहान सूट नाकारून मोठी का स्वीकारली, यावर जाणकारांनी लिहावे.

तिसरी घंटा यांचे उत्तर

प्रेक्षक सत्यासत्यतेचे माप लावत होता, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते तो मर्यादेचे माप लावत होता. एकाच वेळी आलेल्या मृत्यूने बाजीरावांची किंवा मस्तानीची उंची कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून ती कल्पना आहे हे ठाऊक असूनही तिच्यावर कोणी खटला भरत नाही. ‘पिंगा’मध्ये मात्र पेशव्यांच्या घरची सून, नऊवारी कमरेखाली नेसून, कॅमेऱ्याकडे पाहत ठेका धरते. लोकांना खुपले ते हे.

यात आणखी एक पदर आहे आणि त्याची चर्चा तेव्हा फारच कमी झाली. पिंगा हा मंगळागौरीच्या रात्री बायकांनी आपापसांत खेळायचा खेळ आहे. ज्या माजघरात पुरुषाला प्रवेश नाही, तिथला तो मोकळेपणा आहे, आणि त्याची सगळी गोडी पाहणारे कोणी नसण्यातच आहे. चित्रपटाने तोच खेळ हजार दिव्यांच्या उजेडात, रेमो डिसूझा यांच्या आखीव नृत्यरचनेत प्रेक्षकांपुढे मांडला. ज्यांनी लहानपणी आजीला, आत्याला, मावशीला झिम्मा-फुगड्या घालताना पाहिले आहे, त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले, परंतु ते नेमके काय हे सांगता न आल्याने त्यांनी ‘इतिहासाचे विकृतीकरण’ हा तयार शब्द उचलला.

शिवाय गाणी नोव्हेंबरमध्येच, कथेपासून तोडून, मोबाइलच्या पडद्यावर आली होती. शेवट मात्र लोकांनी अडीच तास त्या माणसांबरोबर घालवल्यानंतर पाहिला. तीन मिनिटांच्या तुकड्याला जो न्याय मिळतो आणि संपूर्ण शोकांतिकेला जो मिळतो, त्यांत फरक पडणारच.

दप्तरदार यांचे उत्तर

वरील मत मला अर्धेच पटते. आम्ही काही जण शेवटावरही तितकेच नाराज होतो, फक्त आमची नाराजी वाहिन्यांवर दाखवण्याजोगी नव्हती. अनारकलीची गोष्ट रचताना १९६० साली ‘मुघल-ए-आझम’च्या कर्त्यांना कोणी कागद मागितला नाही, कारण ती दंतकथाच होती. पेशव्यांचे तसे नाही. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले आहेत. ज्या घराण्याचा पत्रव्यवहार आपल्यापुढे इतका उघडा पडला आहे, त्याच्यावर आरसेमहालाची आतषबाजी करताना थोडा तरी संकोच वाटायला हवा होता.

माझा खरा आक्षेप कोणत्याही एका गाण्यावर नाही. १७२८ मध्ये पालखेडला निजामाला ज्या हालचालींनी कोंडीत पकडले, त्या हालचाली समजावून सांगण्याइतकी उसंत या चित्रपटाला नाही, परंतु ‘मल्हारी’ला आहे. वीस वर्षे पेशवेपद सांभाळलेल्या माणसाचे राजकारण दोन गाण्यांच्या मधल्या जागेत उरकले जाते. काशीबाईंना पायाचे दुखणे होते असे परंपरेने सांगितले जाते. ते खरे धरले तर ‘पिंगा’चा प्रश्न आपोआप मिटतो, पण ते असो.

ज्यांना चित्रपटातील वैभव आणि वास्तव यांतील अंतर पाहायचे असेल, त्यांनी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे अवशेष आणून तेथे दालन उभे केले आहे. लाकडी खांबांचे ते देखणे दालन आहे, परंतु ‘दीवानी मस्तानी’ या गाण्यातले एक झुंबरही त्यात धड मावणार नाही.

पूरब-पश्चिम यांचे उत्तर

हा चित्रपट कागदपत्रांवर आधारलेला असल्याचा दावा त्याने स्वतःही केलेला नाही. ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे, आणि कादंबरी म्हणजे कल्पनेचीच एक पायरी. त्या पायरीवर भन्साळींनी स्वतःची पायरी चढवली. त्यांची रीत आधीपासून हीच आहे. २००२ सालच्या ‘देवदास’मध्ये पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात, शरदबाबूंच्या कादंबरीत त्या दोघींची भेटसुद्धा होत नाही. एका पुरुषावर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रियांना एकाच चौकात आणून त्यांचे नाते संवादांऐवजी नृत्यात सोडवायचे, हा या दिग्दर्शकाचा आवडता डाव आहे. ‘पिंगा’ हा त्याच डावाचा मराठी पोशाख आहे, आणि मूळ डाव मराठी नसल्यामुळे पोशाख अंगाला नीट बसत नाही, असे माझे मत आहे.

प्रेक्षक शेवटी का रडला, याचे उत्तर मात्र मी बाजीराव-मस्तानीत शोधणार नाही. मी हा चित्रपट पुण्यात पाहिला, तेव्हा सभागृह सर्वाधिक शांत झाले ते काशीबाईच्या प्रसंगांना. नायक-नायिकेचे प्रेम इतके अलंकारिक आहे की त्याच्याकडे पाहत राहावे, त्यात शिरता येत नाही. काशीबाई मात्र ओळखीची आहे. नवऱ्यावर आवाज न चढवता त्याला स्वतःच्या महालात यायची बंदी करणारी ती बाई आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिलेली आहे. त्या भूमिकेसाठी प्रियांका चोप्रा यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, आणि केशवपन केलेल्या, कठोर राधाबाईसाठी तन्वी आझमी यांना राष्ट्रीय पुरस्कार. भव्य प्रेमकथेत सर्वांत जास्त दाद पत्नीला आणि सासूला मिळावी, यातच मराठी प्रेक्षकाची सहानुभूती कुठे होती ते दिसते. अखेरीस जे अश्रू आले, त्यांत मस्तानीच्या वाट्याचे किती आणि दोन्हीकडून रिकाम्या हातांनी उरलेल्या काशीबाईच्या वाट्याचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

न्यूजर्सीकर यांचे उत्तर

आम्ही हा चित्रपट येथे प्रामुख्याने अमराठी भारतीयांबरोबर पाहिला आणि त्यांची प्रतिक्रिया अगदी निराळी होती. त्यांना ‘पिंगा’ आवडले, कारण दोन मोठ्या अभिनेत्री एकत्र नाचताना पाहायला मिळाल्या. पेशवाईची मर्यादा त्यांच्या खिजगणतीत नव्हती. उलट शेवट त्यांना लांबलेला वाटला आणि काही जण नदीतल्या भ्रमाच्या दृश्याला चक्क हसले. म्हणजे ‘तिसरी घंटा’ म्हणतात ते मर्यादेचे माप फक्त आपल्याकडेच होते, आणि शेवटाची हळहळही बऱ्याच अंशी आपलीच होती. रावेरखेडी हे नाव ज्याने शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, त्याला नर्मदेचे पाणी पडद्यावर दिसताच पुढे काय होणार ते कळते. त्याची व्याकुळता दिग्दर्शकाच्या आधी सुरू होते.

रावेरखेडी यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘पूरब-पश्चिम’ यांचे काशीबाईविषयीचे निरीक्षण माझ्या प्रश्नाला सर्वांत जवळचे वाटले. त्यावरून पुढचा प्रश्न सुचतो. ‘पिंगा’ पूर्णपणे वगळले असते, तर काशीबाईचे पात्र उणे झाले असते का? कारण सवतीला सन्मानाने वाड्यात घेण्याचा तिचा मोठेपणा याच गाण्यातून दाखवला आहे, असे काही समीक्षकांचे म्हणणे वाचले होते.

तिसरी घंटा यांचे उत्तर

उणे झाले नसते. तो मोठेपणा निमंत्रणाच्या प्रसंगातच पूर्ण झालेला आहे. काशीबाई मस्तानीसमोर उभी राहते, बोलणे मोजके आहे, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, आणि दोघींच्या चेहऱ्यांवर सगळे वाचता येते. त्यानंतर गाणे येते ते भावना पुढे नेण्यासाठी नसून चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी येते, असे मला पाहताना वाटले. आता याची व्यावहारिक बाजूही सांगतो. त्याच शुक्रवारी शाहरुख खान आणि काजोल यांचा ‘दिलवाले’ समोर होता, आणि पहिल्या दिवशी गर्दी त्याच्याकडेच अधिक होती. पुढे देशात ‘बाजीराव मस्तानी’ने त्याला मागे टाकले, आणि ते ‘पिंगा’च्या जोरावर नव्हे. पाहून आलेल्यांनी घरी जाऊन आईला, सासूला सांगितले, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या तिकिटे काढून गेल्या.

दप्तरदार यांचे उत्तर

आमच्या घरातूनही गेल्या, आणि परत आल्यावर दोन दिवस केवळ काशीबाईंविषयी बोलत होत्या. त्यांच्यापैकी एकीने नंतर ‘राऊ’ मागून घेतले. कादंबरीतली मस्तानी चित्रपटापेक्षा अधिक बोलकी आणि अधिक एकटी आहे, असा तिचा अभिप्राय आहे. ज्यांनी दोन्ही वाचले-पाहिले असेल त्यांनी यावर अवश्य लिहावे.