मुलगी जर्मनीला चाललीये, किराण्याला महिना किती धरायचे?

दापोलीची_आई:
लेक ऑक्टोबरपासून मास्टर्सला जर्मनीत. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात) ११,९०४ युरो भरलेत म्हणजे महिन्याला ९९२ हातात पण त्यातच रूमभाडं, इन्शुरन्स सगळं आलं. खाण्याला किती धरू? इकडे सासूबाईंनी डाळ, तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुलं, सोडे (सुकी कोळंबी), तूप सगळं काढून ठेवलंय आणि बॅग २३ किलोची. काय काय कमी करू?

गुहागरकर_हॅम्बुर्ग:
ताई, घरी रांधलं तर २०० ते २५० युरोत आरामात भागतं, रोज बाहेर खाल्लं तर विचारूच नका. डाळ-तांदूळ आधी काढा, इथे सगळं मिळतं. तूप तर नकोच, दुधाचे नि मटणाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाले सरळ फेकतात. अडीचशे ग्रॅमचं बिनमिठाचं बटर मिळतं ते मंद आचेवर कढवलं की झालं तूप, बेरीसकट! सोडे खुशाल द्या, मासळीला माणशी २० किलोपर्यंत परवानगी आहे. पिठी आणि आमसुलं मात्र नक्की द्या, ती सगळीकडे मिळत नाहीत. ओला नारळ चालतो, हापूस नाही (कागद लागतात, कोण करणार ते).

वेंगुर्ल्याचो_झील:
सोडे व्हरतास तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून व्हरा गो बाय, नायतर सगळ्या कपड्यांक वास येतलो.

राजापूर२मुन्शेन:
रोजचं सामान आल्डी नाहीतर लिडल या स्वस्त सुपरमार्केटमधून घ्यायचं, त्यांचा स्वतःचा माल स्वस्त असतो आणि चांगलाही. भेंडी, कोथिंबिरीची जुडी, मसूर हे तुर्की दुकानात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच भरून ठेवायचं. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की चिठ्ठी येते, ती बिलात वळती होते, तेव्हा बाटल्या कचऱ्यात टाकू नको सांगा. शिवाय टीव्ही-रेडिओची फी १८.३६ युरो महिना, टीव्ही नसला तरी! पण ती घरामागे एकच, रूममेट असतील तर वाटून घेतात.

गुहागरकर_हॅम्बुर्ग:
हो आणि भाकरीसाठी तांदळाचं पीठ एशियन दुकानात मिळतं, तीन तोंडांच्या हत्तीच्या छापाची थाई पाकिटं असतात. लाल अक्षरांचं घ्यायचं. हिरवं ते चिकट तांदळाचं, त्याची भाकरी तव्यावरून सुटायची नाही.