चर्चचे मोड म्हणजे आपले थाटच का?

पायपेटी, कुडाळ:
नमस्कार. मी दशावतारात पायपेटी वाजवतो. वेंगुर्ल्याचा एक ख्रिस्ती मित्र जुनी लॅटिन स्तोत्रे शिकतो आहे आणि त्याला साथ करताना माझ्या लक्षात आले की, पांढरी २ ला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर त्याचा डोरियन मोड (मोड म्हणजे चर्चसंगीतातला चालींचा जुना प्रकार) मिळतो, म्हणजे आपला काफी थाट (थाट म्हणजे सात स्वरांची चौकट). पांढरी ३ पासून फ्रिजियन, म्हणजे भैरवी. परंतु त्याच्या वहीत पहिला आणि दुसरा असे दोन मोड आहेत आणि दोन्हींचे स्वर काफीचेच आहेत. एकाच थाटाला दोन क्रमांक कशासाठी?

स्वरवेध, रत्नागिरी:
आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण मध्ययुगीन मोड हा थाट नव्हेच; तो रागाच्या अधिक जवळचा आहे. चाल कोणत्या स्वरावर संपते, पठण (एकाच स्वरावर शब्द म्हणत राहणे) कोणत्या स्वरावर टिकून राहते आणि गळा कुठून कुठपर्यंत फिरतो, या तीन गोष्टींवरून मोड ठरत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला मोड सा ते तार सा फिरतो आणि पंचमावर टिकतो. दुसऱ्याचा शेवटही सा वरच होतो, पण तो मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत उतरतो आणि कोमल गंधारावर टिकतो. पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वर तेच असूनही पूरिया मंद्राकडे झुकतो आणि सोहनी तार सप्तकात खुलते, हे ज्याने ऐकले आहे त्याला हा भेद परका वाटणार नाही. शिवाय पहिल्या मोडच्या चालींत पुष्कळदा शुद्ध धैवताऐवजी कोमल धैवत लागतो, म्हणजे स्वर आसावरी थाटाचे होतात, तरी मोड पहिलाच राहतो. थाटाचे समीकरण इथेच मोडते. असे आठ मोड होते. ग्लारेआनुस या संगीतशास्त्रज्ञाने १५४७ साली ते बारा केले आणि तेव्हा कुठे आसावरी व बिलावल थाटांशी जुळणाऱ्या सप्तकांना स्वतंत्र नावे मिळाली.

खर्ज, मालवण:
एक भर घालतो. चार आवाजांच्या रचनेत सर्वांची कक्षा एक नसते, म्हणून तिंक्तोरिस या संगीतशास्त्रज्ञाने १४७६ मध्ये मुख्यतः टेनर (पुरुषांचा वरचा) आवाजावरून मोड ठरवावा असे सांगितले. लासो या संगीतकाराची १५८४ साली छापलेली पश्चात्ताप-स्तोत्रे मोडच्या क्रमाने लावलेली आहेत, त्यामुळे अभ्यासाला ती फार उपयोगी पडतात.

पायपेटी, कुडाळ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज मित्राची भैरवीच्या स्वरांतली एक चाल या दृष्टीने पुन्हा वाजवली. ती सा वर संपते, सा च्या खालीही उतरते आणि पठण मध्यमावर टिकते. हा तिसरा मोड म्हणावा की चौथा?

स्वरवेध, रत्नागिरी:
चौथा. तिसऱ्यात पठण कोमल धैवतावर टिकले असते आणि चाल वरच्या सा पर्यंत गेली असती.