शाळेसमोर स्पीडब्रेकर मागावा की माणूस उभा करावा?

गेटबाहेर
पुण्याच्या उपनगरातली दोन सत्रांची शाळा. सकाळचं सत्र १२:२० ला सुटतं, दुपारचं १२:३० ला भरतं. दुभाजक असलेला रस्ता, प्रत्येक बाजू साधारण ७ मीटर. झेब्रा बरोबर गेटसमोर, पण पार पुसट झालाय. पालकांना स्पीडब्रेकर हवाय; शाळा शिट्टी देऊन एक वॉचमन उभा करायला तयार आहे. क्षेत्रीय कार्यालयाला पत्र द्यायचंय. नेमकं काय मागावं?

पट्टेवाला
पत्रात नुसतं 'स्पीडब्रेकर' लिहाल तर डांबराचा हातभर रुंद उंचवटा टाकून ठेकेदार मोकळा होईल. त्यावर दुचाक्या आपटतात आणि तो चुकवायला रस्त्याच्या कडेने, म्हणजे नेमक्या मुलांच्या अंगावरून जातात. आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसची गतिरोधकांची मार्गदर्शक तत्त्वं) मधला उंचवटा वाहन जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंमी उंच असतो, गाड्या ताशी २५ च्या आसपास जाव्यात म्हणून. माप पत्रातच लिहा. रस्त्याच्या पूर्ण रुंदीत हवा, कडेला फट नको. पाण्याची सोय मात्र आधी बघायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात तिथे तळं.

त्याहून चांगलं म्हणजे झेब्राच उचलून घ्या: सपाट माथ्यावर पट्टे, दोन्ही बाजूंना उतार. पट्टे ५० सेंमी, मधली जागाही तेवढीच. थर्मोप्लास्टिक (वितळवून लावायचा पट्ट्यांचा थर), २.५ मिमी जाडीचं, वर काचेचे मणी. साधा रंग एका पावसाळ्यात जातो, तुमचा तसाच गेला असणार.

आणि झेब्रा गेटसमोरून हलवा. घंटा झाली की मुलं धावतच बाहेर पडतात आणि न्यायला आलेल्यांच्या दुचाक्याही तिथेच उभ्या असतात. दोन दुचाक्यांच्या मधून निघालेलं सात वर्षांचं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. २०-२५ मीटर बाजूला घ्या आणि गेटपासून तिथपर्यंत फुटपाथच्या कडेला रेलिंग मागा.

शिट्टी_आणि_पाटी
वरच्या सगळ्याशी सहमत, पण एक वॉचमन कमी पडेल. दुभाजक आहे म्हणजे दोन रस्ते, म्हणून दोन माणसं. एकटा असला की एका बाजूची वाहनं थांबवून मुलं दुभाजकापर्यंत आणतो आणि पुढे धावत जाऊन दुसरी बाजू अडवतो. तेवढ्यात पंचवीस पोरं दप्तरं घेऊन दुभाजकावर रेटारेटी करतात.

पद्धत अशी: मुलं फुटपाथवरच थांबतात. वाहनांत फट दिसली की माणूस आधी उतरतो, पाटी उंच धरतो. जवळच्या लेनमधलं वाहन थांबलं म्हणून मुलं सोडायची नाहीत. थांबलेल्या बसच्या आडून दुसऱ्या लेनमधली दुचाकी येते, घात तिथेच होतो. दोन्ही लेन उभ्या राहिल्या की घोळका सोडायचा, शेवटचं मूल पोचल्यावर माणूस बाजूला. लहान मुलं सेकंदाला मीटरभर चालतात, म्हणजे ७ मीटरला ७ सेकंद, घोळक्याला १५ धरा. स्टॉपलाइन झेब्राच्या अगदी चिकटून नको, ३ मीटर तरी मागे.

वॉचमनच्या हाताला कायद्याचं बळ नाही, त्यामुळे वाहतूक शाखेकडे निदान सुटण्याच्या वेळी पोलीस किंवा वॉर्डन मागा. आरएसपीची (शाळेच्या रस्ता सुरक्षा दलाची) मुलं रांग लावायला उत्तम, पण त्यांना वाहनांपुढे उभं करू नका.

गेटबाहेर
दोन माणसांचे पैसे शाळा देईलसं वाटत नाही.

सत्र_दोन
मग आधी फुकटचं काम करा. १२:२० आणि १२:३० मध्ये दहाच मिनिटं, म्हणजे जाणारी आणि येणारी मुलं एकाच झेब्रावर समोरासमोर. दुपारचं सत्र १२:४५ ला न्या, प्राथमिकचे वर्ग दहा मिनिटं आधी सोडा. रिक्षा-व्हॅनवाल्या काकांना गेटपासून लांब, शाळेच्याच बाजूला जागा द्या, म्हणजे त्या मुलांना रस्ता ओलांडायलाच नको.

पत्र पालक संघाच्या नावाने देण्याऐवजी शाळेच्या परिवहन समितीकडून जाऊ द्या. २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, शिवाय पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधीही असतात. बऱ्याच शाळांत ती कागदावरच असते, बैठक बोलवायला लावा.

पट्टेवाला
सोबत वेगाची नोंद जोडा. रस्त्याकडेला ५० मीटर मोजून दोन खडूच्या खुणा करा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ताशी २५ च्या वाहनाला ७.२ सेकंद लागतात, ४ सेकंदात गेलं तर ते ४५ ने होतं. सुटण्याच्या वेळची पन्नासेक वाहनं आणि सकाळी नऊनंतरची, रस्ता मोकळा असतानाची पन्नास, दोन्ही वेगळी लिहा. गर्दीत वेग कमीच निघतो आणि तेवढाच आकडा दिलात तर 'गरज नाही' असा शेरा येईल.