अनुभव धागा: कार्डाचा जॉइनिंग बोनस, खर्चाची अट आणि बँकेचा फोन

गेल्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन जळगावच्या सराफ बाजारात बसलो होतो. चहा झाला, पोत पसंत पडली, मी ऐटीत नवं क्रेडिट कार्ड पुढे केलं. ७४,००० रुपये. मशीनवर 'डिक्लाइन्ड'. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सासरे छताकडे बघायला लागले.

कार्ड २२ दिवसांचं होतं. तोवर त्यावर फक्त पेट्रोल आणि किराणा, सगळं हजाराच्या आतलं. एकदम ७४,००० आले म्हणून बँकेनं व्यवहार अडवला. तेवढ्यात फोन आला, मला वाटलं फसवणूकवाला, मी कट केला. शेवटी बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'हा व्यवहार मीच केला' असं दाबल्यावर कार्ड चाललं. खरी गंमत नंतर कळली. नवं कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या जॉइनिंग बोनससाठी ६० दिवसांत ९०,००० खर्चाची जी अट होती, तिच्यात दागिने धरतच नाहीत. अटींच्या पीडीएफमध्ये बारीक अक्षरात होतं. मी वाचलं नव्हतं.

म्हणून हा धागा. बोनसची अट कशी पुरी केली, बँकेनं कधी हटकलं, काय बुडालं ते लिहा. बँकेचं नाव नको. आकडे मात्र खरे सांगा.

भुसावळ, रेल्वेत नोकरी

माझी अट ९० दिवसांत १ लाख. वहीत रोज लिहायचो: गाडीचा विमा, पोराच्या क्लासची फी, लॅपटॉप, महिन्याचा किराणा. विमा माझ्या कार्डावर धरला जातो हे आधी विचारून घेतलं होतं, सगळीकडे धरत नाहीत. ८८व्या दिवशी बेरीज १,००,६४०. निवांत झोपलो.

पण त्यात मेहुण्याची पुण्याची दोन तिकिटं होती (मला पास आहे, तिकिटं त्याची). त्यानं जाणं रद्द केलं, १,८७० परत आले आणि बेरीज लाखाच्या खाली. बोनस गेला. बँकेशी भांडलो, पण नियम त्यांचाच बरोबर होता. परत आलेला पैसा खर्चात धरत नाहीत, वार्षिक फी आणि तिच्यावरचा जीएसटीही नाही. आता अटीपेक्षा पाच हजार जास्तच धरून चालतो.

रावेर, केळी

आमच्याकडे स्वाइप मशीन मोजक्या दुकानांत, क्यूआर मात्र पानटपरीवरही. त्यामुळे रुपे कार्ड घेतलं आणि यूपीआयला जोडलं. ही सोय २०२२ पासून आहे. मृगबागेसाठी (जूनच्या लागवडीसाठी) टिश्यूकल्चरची ४,००० रोपं सांगितली होती, साधारण ६०,००० चं काम. म्हटलं एका झटक्यात अट निम्मी होते.

नर्सरीत स्कॅन केलं तर कार्डाचा पर्यायच दिसेना. क्यूआर नर्सरीवाल्याच्या पोराच्या साध्या खात्याचा निघाला. रुपे क्रेडिट व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालतं, माणसाच्या खात्यावर पैसे जात नाहीत. दोन दिवस थांबलो, त्यानं दुकानाच्या नावाचा क्यूआर काढला, मग भरले.

एक हिशेब मात्र सगळ्यांनी करा. माझ्या कार्डाला थकबाकीवर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२. साठ हजार एक महिना थकले तर २,१०० व्याज, वर जीएसटी. माझा बोनस होता २,००० चा. केळीची कटाई आणि कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख जुळत असेल तरच या भानगडीत पडावं. जूनमध्ये खर्च आपोआप होतो हे खरं, पण जूनमध्ये खिशात पैसा असतोच असं नाही.

चाळीसगाव

बोनससाठी ४,२०० कमी पडत होते म्हणून मिक्सर घेतला. घरात आधीचे दोन आहेत. बायको पाहुण्यांना तिन्ही दाखवते.

धुळे, देवपूर

मी केलं ते करू नका, म्हणून लिहितोय.

दोस्ताचं मोबाईलचं दुकान आहे. ठरलं असं की मी त्याच्या मशीनवर कार्ड घासायचं, त्यानं रोख द्यायची, मशीनवाल्यांचे दोन टक्के मी सोसायचे. ४९,८०० एकदा, चौथ्या दिवशी पुन्हा ४९,८००, नवव्या दिवशी पुन्हा. पन्नास हजारांच्या आत ठेवलं की कुणाचं लक्ष जात नाही, हे आमचं अगाध ज्ञान. आलेली रोख त्याच दिवशी खात्यात भरून कार्डाचं बिल फेडायचो. खर्च ३,००० च्या आत, बोनस ८,००० चा.

तिसऱ्या वेळेनंतर मेल आला: तिन्ही व्यवहारांची बिलं द्या. दोस्त म्हणाला, "त्यात काय भो, बिलं बनाडी देस (बनवून देतो)." तिथं माझ्या पोटात गोळा आला. माल नसताना बिल म्हणजे त्याचा जीएसटी आणि खाली नाव माझं. मेलला उत्तरच दिलं नाही. आठवड्यात कार्ड बंद, पॉइंट शून्य, आणि त्याच बँकेचं सहा वर्षं वापरलेलं दुसरं कार्डही गेलं. दोस्ताचे मशीनचे पैसे ११ दिवस अडकले, ऐन लगीनसराईत. दोस्ती आहे अजून. पण पहिल्यासारखा चहा सांगत नाही तो.

अमळनेर, पूर्वी कार्ड विभागात

धुळेकर भाऊ, पन्नास हजारांच्या किंचित आत तीनदा हेच तर सगळ्यात आधी दिसतं. खऱ्या खरेदीचा आकडा ४७,३९९ असा वाकडातिकडा असतो. शिवाय एकच दुकान, नवं कार्ड, लिमिट भरली की लगेच फेड आणि पुन्हा तितकंच. लिमिटपेक्षा जास्त पैसे आधीच भरून ठेवणंही खटकतं. घरगुती कार्डावर दुकानाचा माल घेत राहिलं तरी विचारणा होते, अटींत तसं लिहिलेलं असतं.

मोठी खरेदी खरी असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. फोन आला तर ओटीपी सांगू नका, कार्डाच्या मागच्या नंबरवर स्वतः फोन करा आणि बिल जपून ठेवा. आणि वर्षात कार्डाची १० लाखांच्या वर फेड झाली, किंवा रोखीनं १ लाखाच्या वर, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. पैसे फिरवणाऱ्यांचा आकडा उत्पन्नाच्या कितीतरी पुढे जातो, तो तिथे समजावून सांगता येत नाही.

नंदुरबार, शिक्षिका

माझं घरभाडं अ‍ॅपवरून कार्डानं भरायचे, एक टक्का जास्त देऊन. २०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि माझ्या अ‍ॅपनं ती सोय बंद केली. अट निम्म्यावर अडकली.

त्याहून मोठी चूक तारखेची. कार्ड माझ्या हातात पडलं त्या दिवसापासून ९० दिवस मोजत होते. ते मोजायचे होते मंजुरीच्या तारखेपासून, आणि पोस्टानं यायलाच १३ दिवस गेले होते. ग्राहक सेवेला फोन करून शेवटची तारीख मेलवर लेखी मागितली, तेव्हा हे कळलं. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, दुकानातून गिफ्ट कार्डं घेऊन ठेव. माझ्या अटींत तीही वगळलेली. शेवटी वर्षाचे रिचार्ज, चष्मा आणि आईचा दाताचा खर्च, जो दिवाळीनंतर करायचा होता, तो आधी केला. पुरतं झालं, चार दिवस राखून.

धागा काढणारा

विचारलंत म्हणून सांगतो, मला बोनस मिळाला नाही. दागिने वगळून बेरीज ३१,००० वर थांबली, उरलेल्या दिवसांत ओढूनताणून काही घेतलं नाही. पुढचं कार्ड मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी घेणार, पीडीएफ आधी वाचून.

पोत बायकोनं लग्नात घातली. सासरे भेटले की अजून विचारतात, "जावईबापू, ते कार्ड चाललं का मग?"