कमरेला पिस्तूल आणि डोक्यात एकच प्रश्न, "दिसतंय का?" ही धास्ती फुकाची आहे का?

डॅलसकर

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून कायद्याने बंदूक ठेवू शकणाऱ्या 21 वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते. नव्याने बाळगणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शर्टाखालून दिसली तर? माझ्या मते ही धास्ती बव्हंशी फुकाची आहे. इथे होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) उघड बाळगणंही चालतं, त्यामुळे कापडावर मूठ उमटली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. शिवाय दुकानात समोरचा माणूस फोनमध्ये असतो, तुमच्या कमरेकडे बघत नसतो. त्याचं लक्ष जातं ते तुमच्या हाताकडे. दर दोन मिनिटांनी शर्ट खाली ओढायचा, कोपराने चाचपायचं, उठताना कमरेवर हात ठेवायचा. ही सवय मोडली की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं सामानाचं. उमटते ती मूठ. नळी पॅन्टच्या आत असते, तिची काळजी नको. म्हणून "छोटं पिस्तूल घे" हा सल्ला अर्धवट आहे. ग्लॉक 43X ही ग्लॉक 19 पेक्षा बारीक खरी, पण दोघींची उंची सारखीच, सुमारे पाच इंच. म्हणजे मूठ तितकीच बाहेर. सिग पी365 ची उंची 4.3 इंच आहे, तिथे फरक जाणवतो.

पट्टा दीड इंची आणि ताठ हवा. ऑफिसचा मऊ चामडी पट्टा वजनाने बाहेर झुकतो आणि मूठ पोटापासून सुटते. होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं), चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं. पोटापुढे बाळगणार असाल तर त्याला 'क्लॉ' लावून घ्या. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकतो आणि मूठ शरीराकडे वळवतो. तळाशी फोमचा 'वेज' लावला की नळीचं टोक शरीरापासून दूर ढकललं जातं आणि वरची बाजू आत येते. उजव्या कुशीला, बेंबी म्हणजे बारा धरलं तर घड्याळात चार वाजतात त्या जागी बाळगत असाल तर होल्स्टर 10 ते 15 अंश पुढे कलतं ठेवा. शर्ट एक माप मोठा आणि चौकडीचा. पांढरा तलम शर्ट नको, एवढंच.

आधी दोन-चार दिवस घरात रिकामं पिस्तूल लावून वावरा. बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा, बुटाची नाडी बांधा. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका.

रानमोगरा

डॅलसकर, सामानाचं सगळं पटलं. "धास्ती फुकाची" हे मात्र अजिबात नाही. लोकांना काय दिसेल याची नका करू, पण आपण कुठे उभे आहोत याची करायलाच हवी.

दारावरच्या पाट्या वाचता का? त्यांचे आकडे म्हणजे टेक्सासच्या फौजदारी कायद्याची कलमं. 30.06 ही परवानाधारकाने झाकून बाळगण्यावर बंदी, 30.07 उघड बाळगण्यावर, आणि 30.05 परवाना नसलेल्यांसाठी. बारबाहेरची लाल 51 टक्क्यांची पाटी वेगळीच: निम्म्याहून जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूची, म्हणून आत बंदूक नेता येत नाही. आणि पाटी नसली तरी मालकाने तोंडी "बाहेर ठेवून या" म्हटलं की विषय संपला, निघायचं.

दुसरं, "आता परवाना लागत नाही" हे अर्धसत्य आहे. शाळेच्या आवारापासून 1,000 फुटांच्या आत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि तिथे सूट आहे ती त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. म्हणजे विनापरवाना माणूस कमरेला भरलेलं पिस्तूल लावून मुलाला शाळेत सोडायला गेला तर राज्याचा कायदा त्याला वाचवत नाही. टेक्सासच्या परवान्याचा वर्ग चार ते सहा तासांचा, आणि नेमबाजीची परीक्षा 50 गोळ्यांची: 3 यार्डांवर 20, 7 यार्डांवर 20, 15 यार्डांवर 10. 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. एवढंही करायचं नसेल तर बाळगू नका.

तिसरं आपल्या मंडळींसाठी. एच-1बी व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मित्राने "धर जरा" म्हणून हातात दिली तरी विचार करा.

आणि विमानतळ. 2023 मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणी नाक्यांवर 6,737 बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. सगळे काही दहशतवादी नव्हते, "बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं" म्हणणारे त्यात भरपूर. धास्ती संपली की असं होतं.

चाप_आणि_चिमटा

दोघंही मूळ धोक्यापासून लांब. पिस्तूल बाळगणाऱ्याला स्वतःचीच गोळी लागते ती बहुधा परत होल्स्टरमध्ये घालताना. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी कडीत शिरते, आत ढकलताना चाप मागे दाबला जातो, झालं. जुनं चामडी होल्स्टर मऊ पडून त्याची घडी आत आली तरी तेच. ग्लॉकच्या चापाला जेमतेम अडीच किलोचा दाब लागतो आणि बाहेरून चाप अडवणारी वेगळी कळ नाही. म्हणून परत ठेवताना डाव्या हाताने कापड छातीपर्यंत वर धरा, बोट चापाबाहेर, स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) सरळ, मान खाली घालून बघा आणि सावकाश. बाहेर काढायची घाई असू शकते, आत ठेवायची कधीच नसते.

नवख्याने चेंबर (नळीच्या मागची, उडायची गोळी बसते ती जागा) रिकामं ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्यांचं मॅगझिन भरलेलं, चेंबरमध्ये गोळी नाही.

डॅलसकर

चिमटा, परत ठेवण्याबद्दल शंभर टक्के. रिकाम्या चेंबरबद्दल नाही. गोळी चेंबरमध्ये चढवायची तर स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा लागतो, आणि नेमक्या वेळी त्याच हातात मूल असतं किंवा समोरच्याचा गळा. घाबरलेला माणूस स्लाइड अर्धवट ओढतो आणि गोळी अडकते. होल्स्टर नीट असेल तर भरलेलं चेंबर सुरक्षित आहे, आणि होल्स्टरवर विश्वास नसेल तर होल्स्टर बदला.

आणखी एक. रोज रात्री चेंबर रिकामं करून सकाळी तीच गोळी परत चढवत असाल तर तिचं टोक दर वेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून थोडं थोडं पितळी नळकांड्यात आत सरकतं. अशा गोळीने दाब धोकादायक वाढतो. नव्या गोळीशेजारी उभी करून बघा, आखूड दिसली तर वापरू नका. त्यापेक्षा रात्री होल्स्टरसकट काढून तिजोरीत ठेवा.

ह्यूस्टनची_काकू

सगळी चर्चा जीन्स आणि पट्टा गृहीत धरून चालली आहे. कुर्ता-पायजम्याच्या नाडीवर अर्धा किलो वजन टिकत नाही. साडीत कुठे लावणार? उरते पर्स. पर्स खांद्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून सोफ्यावर जाते, आणि तीन वर्षांचं पोर चॉकलेट शोधायला तिच्यात हात घालतं. पर्सच असेल तर बंदुकीचा वेगळा कप्पा, आत पक्कं होल्स्टर, त्या कप्प्यात दुसरी पिनसुद्धा नाही, आणि पर्स अंगावरून उतरवायची नाही. हे जमणार नसेल तर घरी तिजोरीत.

आणि गणपतीच्या कार्यक्रमात? चार वाजताच्या जागी बाळगून आजींना वाकून नमस्कार करून बघा. शर्ट पाठीला ताणला जातो आणि मूठ अख्ख्या हॉलला दर्शन देते. सतरंजीवर मांडी घातली की पोटापुढची नळी जांघेत रुतते. मुलं अंगावर चढतात, लोक मिठ्या मारतात. अशा ठिकाणी नेऊच नये, पाटी असो नसो. गाडीत ठेवणार असाल तर नुसती डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, सीटखाली वायरने जखडलेल्या लोखंडी पेटीत. आणि पेटीत ठेवण्याचं काम घरून निघण्याआधी. पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत नाही.

नगरचा_परवानाधारक

आपल्याकडे भारतात गंमत उलटी. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलीच हवी. लग्नात कमरेला मिरवणारे नेते हे नियम वाचत नाहीत, तो भाग वेगळा. निवडणूक लागली की पोलिसांच्या आदेशाप्रमाणे ठाण्यात जमा करायची.

इथे बहुतेकांकडे .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर, कित्येकदा आजोबांच्या काळातलं. त्यात चेंबरचा वादच नाही, धोका घोड्याचा, म्हणजे मागून गोळीवर आपटणाऱ्या हातोडीचा. जुन्या बनावटीत घोडा आणि गोळी यांच्यामध्ये अडसर नसतो. पडलं आणि घोड्यावर आपटलं तर उडतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, तेव्हा रिव्हॉल्व्हर हातातून पडल्याचंच सांगितलं गेलं. सहा घरांचं असेल तर पाचच भरा, घोड्याखालचं घर रिकामं. आणि घरी कपाटात ठेवताना आधी सगळ्या गोळ्या काढा, मग हलवा.

रानमोगरा

काकूंच्या यादीत एक राहिलं: सार्वजनिक शौचालय. पिस्तूल काढून टाकीवर किंवा कागदाच्या डब्यावर ठेवतात आणि हात धुऊन निघून जातात. पुढचा माणूस दार उघडतो आणि समोर भरलेलं पिस्तूल. होल्स्टरमधून काढूच नये. पट्टा सोडला की पॅन्ट गुडघ्यांच्या वर रोखून धरायची आणि होल्स्टर पॅन्टच्या आतल्या बाजूला वळवायचं, म्हणजे शेजारच्या खणातून दिसत नाही. खाली पावलांपर्यंत सोडली तर फटीतून दिसतं. बाहेर पडताना पट्टा आवळायच्या आधी होल्स्टरची क्लिप पट्ट्यावर परत बसली आहे का, ते बोटाने तपासायचं. ती पट्ट्याऐवजी नुसत्या कापडावर अडकली असेल तर पहिल्यांदा बाहेर ओढताना होल्स्टरसकट हातात येतं.

चाप_आणि_चिमटा

डॅलसकर, गोळी आखूड होण्याचा मुद्दा मान्य. तिजोरीत होल्स्टरसकट ठेवण्याचाही. चेंबरबद्दल मात्र मी जागचा हलत नाही. ज्याने रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, काढण्या-ठेवण्याचा सराव महिनाभर रोज केलेला नाही, त्याच्या चेंबरमध्ये गोळी नको. सराव करून मग भांडायला या.